रशीदाखालाचे हात

मनीषानं, म्हणजे माझ्या लेकीनं, परवा पुण्याहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. एक गोरीपान मुलगी हातात बाटली धरून तिळाच्या तेलाचे फायदे सांगत होती. त्वचा मऊ राहते, केस टिकतात, सांधे मोकळे होतात, टाचा भरून येतात, झोप चांगली लागते. मागं बासरी वाजत होती. मनीषानं खाली लिहिलं होतं, "आई, ही आपल्या खालाचंच सगळं सांगायलीय, फक्त शिव्या देत नाही." मी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मोबाईल पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

रशीदाखाला जाऊन वर्ष होत आलं. मला अजून रडू आलेलं नाही. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणवाडीत लेकरांची वजनं घेत होते. आशाताई दारातूनच म्हणाली, "खाला गेली गं सकाळी." मी "हो का" म्हणाले आणि झोळीतल्या लेकराचं वजन लिहिलं. मग पुढचं लेकरू झोळीत घातलं. दुपारी तिच्या घरी जाऊन बायकांत बसले. सगळ्या रडत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि भिंतीचा पोपडा कुठवर निघालाय ते बघत होते. लोक म्हणाले असतील, सुमनबाई दगड आहे. असेन बाई. खाला मात्र म्हणाली असती, "न्हाई येत रडू तर नको रडू. कावून जीवाला जबरदस्ती करायलीस?"

युसूफ वडगावात आमची दोघींची घरं एकाच भिंतीची. मी नेकनूरची लेक, लग्न होऊन इथं आले तेव्हा भिंतीपलीकडं तिचा नवरा इस्माईलभाई बैलाचा घाणा चालवायचा. पुढं बैल गेला, मग इस्माईलभाई गेले. घाण्याचं लाकूड तेवढं दारात आडवं पडून राहिलं आणि खाला त्याच्यावर बसून गावाचा कारभार बघायला लागली. आमच्याकडं जुनी वाटणी अशी, की खायला करडीचं तेल आणि अंगाला तिळाचं. घाणा बंद झाला तरी खालानं ती वाटणी सोडली नाही. तीळ स्वतः निवडून घ्यायची, केजला घाण्यावर न्यायची आणि तेल निघेपर्यंत तिथंच उभी राहायची. घाणेवाल्यानं खुर्ची दिली तरी बसायची नाही. बसलं की माणसाची नजर खाली जाते, म्हणायची.

बाजारात तीळवाले तिला बघून पोत्याचं तोंड आवळायचे. ती चिमूटभर तीळ तोंडात टाकणार, डोळे मिटून चावणार आणि सगळ्यांच्या देखत थुंकणार. "खवट हाय. कुनाच्या मयताचा ठिवलेला हाय बे हा?" त्या बिचाऱ्याचं पुढचं गिऱ्हाईक तिथूनच मागं फिरायचं. एकानं एकदा चिडून विचारलं, तुम्ही घेणार शेर-दोन शेर आणि अख्खा बाजार नासवणार, हे काय हो खाला? ती म्हणाली, "मी घेती ते लेकराच्या अंगाला जातंय. तुज्या बायकोच्या अंगाला जात असतं तर गप बसले असते."

कारण खालाचा खरा धंदा मालिशचा. बाळंतिणीची आणि बाळाची. वडगावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची निम्मी तरी माणसं लहानपणी तिच्या पायांवर पालथी पडलेली आहेत. त्यांत पाटलाची आहेत, तांबोळ्याची आहेत, मांगवाड्यातली आहेत. आज जे पुढारी म्हणून पांढरे कपडे घालून फिरतात त्यांतल्या एकाला तिनं भर चौकात सांगितलं होतं, "लई बोलू नको, तुजं बूड म्या धुतलंय."

दिसायला ती उंच, हाडापेरानं मोठी. पंजे बाप्याचे, तळवे मात्र लोण्याचे. चेहऱ्यावर सुरकुत्या भरपूर, पण कातडं कुठं कोरडं म्हणून नाही. सत्तरीतही मेंदी लावलेली जाड वेणी कमरेला लागायची. तरण्या पोरी विचारायच्या, खाला, तेलानंच का हे केस? ती खरं सांगायची. "केस माज्या अम्मीचे हायत. तेलानं फकस्त राखले." मग पोरींचा हिरमोड बघून पुढं म्हणायची, "आगं, तेल लावा, पन वेनी वढून घालू नका. तेलाचा गुन वढण्यात जातो."

तिची असली वाक्यं गल्लीत पाठ होती. तीळ चावून खा, गिळलेला तीळ जसा जातो तसाच निघतो. उन्हाळ्यात तिळाच्या नादी लागू नका, अंग पेटतं. नुसतं वरून चोपडून काय होणार, पोटातही जाऊ द्या, म्हणून बाळंतिणीला तीळ आणि गुळाची वडी तिच्याच हातची. झोप येत नाही म्हणून कुणी तक्रार केली की ती म्हणायची, "डोक्याला तेल न्हाई, तळपायाला तेल न्हाई, मंग झोप काय सरकार देनार हाय?"

एकदा नवा ग्रामसेवक तिच्याकडं आला. पोरगं चांगलं होतं, पण तिशीच्या आतच डोक्यावरचं पीक गेलेलं. लग्नं जमून मोडत होती. कुणीतरी सांगितलं, खालाचं तेल लाव. खालानं त्याला लाकडावर बसवलं, दहा बोटं डोक्यात घातली आणि बराच वेळ चाचपत राहिली. बिचारा डोळे मिटून बसला होता. शेवटी ती म्हणाली, "बाबा, हाय ते केस तेलानं राहतेत. गेलेले येत न्हाईत. मी काय गेलेलं परत आननारी हाय व्हय?" तो म्हणाला, मग मी करू तरी काय? "टोपी काढून पोरगी बघायला जा. जी हो म्हनन ती तुजी." तो तसाच गेला आणि त्याचं लग्न झालं. मग पेढे घेऊन आला. तेलाची बाटली मात्र दर महिन्याला नेतच राहिला. कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

मनीषा झाली तेव्हाची गोष्ट सांगते. माझी आई आधीच गेलेली, त्यामुळं बाळंतपण सासरीच. लेकरू हातात दिलं आणि मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. सगळे म्हणतात पान्हा फुटतो, जीव भरून येतो. माझं आपलं कुणीतरी दुसऱ्याचं गाठोडं सांभाळायला दिल्यासारखं. लेकरू रडलं की घ्यायचं, प्यायला झालं की ठेवायचं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की मला माझी लेक आवडत नाही?

खाला सकाळी यायची. आधी बाळ, मग मी. शेगडीवर वाटी ठेवायची, तेलात बोट बुडवून बघायची, मग पाय लांब करून बाळाला त्यावर घ्यायची. मला घेतलं की टाचेपासून सुरुवात. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या पाठीला हात लावता लावता तिनं हळूच विचारलं, "लेकरू लागंना व्हय जीवाला?" मी तोंड उशीत खुपसलं. ती म्हणाली, "व्हतं असं. लईजनींला व्हतं. कोनी सांगत न्हाई. येतो जीव, सव्वा महिन्यात वापस येतो. तू नुसती पडून राहा." आणि तेल चोळत राहिली. सासूला एका शब्दानं बोलली नाही. फक्त जाताना म्हणाली, "सुमनला रातच्याला झोपू द्या, लेकरू तुमी घ्या." आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. खाला घरोघरच्या उघड्या अंगांना हात लावून यायची, पण इकडची गोष्ट तिकडं गेली असं कधी झालं नाही.

जीव आला की नाही? आला. एक दिवस मालिश झालेली मनीषा शेजारी ठेवली होती आणि तिच्या मानेला तेलाचा वास येत होता. मी नाक लावलं आणि मग काढवेना. इतकंच. त्यानंतर मी खालाला कधी नाही म्हणू शकले नाही, एक वेळ सोडली तर.

ती वेळ म्हणजे मी अंगणवाडीला लागले तेव्हाची. केजला आमचं प्रशिक्षण झालं. लेकरांच्या नाकात-कानात तेल घालायचं नाही, ते छातीत उतरतं, लेकरू दगावू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. खाला तर बाळाच्या नाकपुडीत तेलाचा थेंब सोडल्याशिवाय मालिश पुरी मानायची नाही. मी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुज्या लेकीच्या नाकात म्या सोडलं. मेली का ती?" मी म्हटलं, नशीब. हे नशीब म्हणणं तिला झोंबलं. पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. भिंतीपलीकडून भांडी मात्र जोरात आपटायची.

मग वस्तीवरचं एक लेकरू खोकून खोकून निळं झालं. त्याला अंबाजोगाईला नेलं, वाचलं. त्याची मालिश आजीच करायची, खाला तिथं गेलेलीही नव्हती. पण डॉक्टरांनी नाकातलं तेल छातीत गेल्याचं सांगितल्याचं तिच्या कानावर आलं. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. "नाकात न्हाई सोडनार. कानात बी न्हाई. पन टाळू भरीन, त्यात तुजं कायदं आनू नको." मी म्हटलं, टाळू भर, पण दाबू नको. "दाबायला मी काय येडी हाय?" झालं, भांडण मिटलं. ती चुकली की कबूल करायला वेळ लावायची, पण केलं की पुन्हा त्या वाटेनं जायची नाही.

मनीषाच्या लग्नात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिचं लेकरू माज्या हाताखालून जाऊ दे. मंग मी मोकळी. पुढं अल्ला मालिक." तेव्हा तिचे हात धड होते. निदान मला तसं वाटलं.

पहिलं लक्षण सगळ्या गल्लीनं हसण्यावारी नेलं. खाला बाजारातून आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं पडली ते तिला कळलं नव्हतं. पोरं खिदळली, तीही हसली. मी हसले नाही, कारण आमच्या आरोग्य शिबिरात मी ऐकलं होतं की साखर वाढली की तळपाय मरतात. तिला ओढत तपासायला नेलं. साखर भरपूर निघाली. डॉक्टर म्हणाले, नसांवर परिणाम झालाय. पायांच्या आणि हातांच्या बोटांपासून वर चढतं. गोळ्या घ्या, भात-गूळ सोडा, पायांना जपा. तिनं विचारलं, तिळाचं तेल चोळलं तर? डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, चोळा की, कातडी मऊ राहील, भेगा पडणार नाहीत. पण नस तेलानं जागी होत नाही, आजी.

आम्ही जीपनं घरी आलो. उतरताना एवढंच म्हणाली, "पायाचं कोनाला बी सांग. हाताचं सांगू नको."

मी विचारलं, हाताला पण आहे का? ती म्हणाली, "बोटांच्या शेंड्याला. थोडंच हाय. जाईल." मग ती रोज सकाळी स्वतःचेच हात चोळत लाकडावर बसलेली दिसायची. एका हातानं दुसरा, दुसऱ्यानं पहिला. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटायचं, म्हातारी हातावर हात चोळत बसलीय. मनीषाला तेव्हा सातवा महिना सरत होता. खालाला थोडेच महिने पाहिजे होते. मी काय बोलणार? मीही ते दिवस मोजतच होते.

त्याच महिन्यात शिंद्यांच्या घरी नातू झाला. सून प्रतीक्षा लातूरची, शिकलेली, स्वभावानं चांगली. शिंदेकाकू म्हणजे तिची सासू, खालाच्या बरोबरीची. बोलावणं खालालाच. पण त्यांच्या घरात कोळशाची शेगडी उरली नव्हती. प्रतीक्षानं वाटी गॅसवर ठेवली. निखाऱ्यावर तेल हळूहळू तापतं, गॅसवर क्षणात. खालानं नेहमीसारखं वाटीत बोट बुडवलं. बोटाला काही लागलं नाही, म्हणजे कोमट आहे असं तिनं धरलं. जन्मभर त्या बोटानं तिला कधी फसवलं नव्हतं. तिनं ओंजळभर तेल लेकराच्या मांडीवर ओतलं.

लेकरू असं ओरडलं की मी चार घरं टाकून पळत गेले. प्रतीक्षानं पोर उचलून नळाखाली धरलं होतं. मांडी लालबुंद झाली होती. खाला पाय लांब करून तशीच बसलेली, मांडीवर कुणी नाही, दोन्ही हात वर धरलेले. शिंदेकाकू एकसारखी म्हणत होती, "गॅसचं तेल हो, तुमची काय चूक. पोरीला काय कळतंय." प्रतीक्षाही रडत रडत तेच म्हणायला लागली, माझंच चुकलं, मीच जास्त तापवलं. मी लेकराला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली. परत आत आले तर खाला तिथंच. मी तिचा हात धरून उठवायला गेले आणि बघते तर तिच्या बोटांना टपोरे फोड आलेले. मी म्हटलं, खाला, तुझे हात बघ. तिनं हात डोळ्यांसमोर धरले आणि बघत राहिली. दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. तिला ते कळलंच नव्हतं.

लेकराच्या मांडीवर एक फोड आला, तो औषधानं सुकला, आता डागही दिसत नाही. शिंदेकाकूनं सगळीकडं गॅसचीच गोष्ट सांगितली. प्रतीक्षानंही. गावानं ती पटवूनही घेतली, कारण गावाला खाला पाहिजे होती. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर चार-सहा महिन्यांत प्रकरण विसरलं गेलं असतं. आणि मनीषाचं लेकरू येणारच होतं.

पुढच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीत बाया जमल्या होत्या. पोटुशा, लेकुरवाळ्या, सगळ्या. लेकरं खिचडी खात होती. खाला दारात येऊन उभी राहिली. बोटांना पट्ट्या. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बायांनो, ऐका. शिंद्याच्या लेकराला म्या भाजलं. गॅसनं न्हाई, प्रतीक्षानं न्हाई. माजे हात मेलेत. गरम कळत न्हाई, गार कळत न्हाई. मला ठावं होतं आन म्या लपवलं. आता मला कोनी बोलवू नका. लेकराला तर मुळीच लावू देऊ नका."

 एक जण कशीबशी म्हणाली, "असं काय बोलता खाला." खाला म्हणाली, "खरं हाय ते बोलायली." आणि वळून गेली. मी तिच्यामागं जायला पाहिजे होतं का? पाहिजे असेल. माझ्या हातात एक लेकरू होतं. मी ते झोळीत ठेवलं आणि काटा थांबायची वाट बघितली. आत काही हललं नाही. तेव्हापासून जे काही गोठलंय ते अजून तसंच आहे असं मला वाटतं.

त्यानंतर ती लाकडावर बसायची ते पदरात हात घेऊन. बाळंतिणींची बोलावणी थांबली. रस्त्यानं कुणी लेकरू कडेवर घेऊन चालली की खाला मान फिरवायची. तेल आणायला केजलाही जाईना. एकदा मी म्हटलं, टाचांना तरी लावत जा, भेगा पडल्यात. ती म्हणाली, "कोनाला दुखायलंय?"

मनीषा बाळंतपणाला आली. मुलगी झाली. दवाखान्यातनं घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मनीषा म्हणाली, खालाला बोलव. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, तरी बोलव. मी गेले नाही. मग मनीषा स्वतःच ओल्या अंगानं भिंतीपलीकडं गेली. बाळंतीण उंबरा ओलांडून आलेली बघून खाला आधी तिच्यावर खेकसली. मनीषा म्हणाली, "खाला, चला. तुम्ही हात नका लावू. तुम्ही सांगा, मी करते."

 मग खाला आली.

ती मनीषाच्या समोर बसली आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. मोह नको म्हणून. तेल मी शेगडीवर तापवलं, बोट मी बुडवलं. मनीषानं पाय लांब केले, बाळाला घेतलं. आणि खाला बोलायला लागली. "टाचेपासून वर ये. जोर नको. आंगठ्यानं न्हाई, सगळ्या तळव्यानं. हां. आता पोटाला गोल, घड्याळावानी. पाठीच्या मनक्यावर दाबू नको, दोनी बाजूनं चल." जन्मभर हातानं केलेलं तिला तोंडानं सांगायचं होतं. अडायची. मांडीखालचे हात हलायला लागायचे, ती पुन्हा दाबायची. मग तिनं उलट विचारायला सुरुवात केली. "मांडी कशी लागती गं? कनकीवानी का पिठावानी?" मनीषा म्हणाली, कणकेसारखी, पण थोडी घट्ट. "मंग अजून दोन दिस. पाठ? पाठीवर लव हाय का? कुन्या अंगाला जास्त?" मनीषा हातानं चाचपून सांगायची. खाला डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची.

सव्वा महिना हे असं चाललं. थंडीचे दिवस होते. मनीषाच्या हाताला वळण आलं, बाळाची मांडी भरली, मनीषाच्या टाचाही मऊ झाल्या. खाला एकदाही चुकली नाही आणि तिनं एकदाही बाळाला हात लावला नाही. टाळूसुद्धा मनीषानं भरली. माझी सगळी कामं मी करत होते, शेगडी, पाणी, धुणं. मध्येच त्यांच्याकडं बघायचे. आनंद व्हायला पाहिजे, असं मनात यायचं. झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी जावई गाडी घेऊन आले. सामान बाहेर गेलं. मालिश झालेली, न्हायची राहिलेली, तेलानं चमकणारी पोर मनीषानं उचलली आणि काही न बोलता खालाच्या मांडीवर ठेवली. पालथी. खालानं झटकन दोन्ही हात मागं घेतले, पाठीशी बांधल्यासारखे. "काढ. काढ आदी. माज्या हातात जीव न्हाई, पडंल." मनीषा म्हणाली, मी धरलंय, पडत नाही.

खाला थोडा वेळ तशीच ताठ बसली. मग हळूहळू वाकली. वाकत वाकत तिनं आपला गाल पोरीच्या उघड्या पाठीवर टेकवला आणि डोळे मिटले. पोर हुंकारली, पाय झाडले. खालाचा गाल खांद्यापासून कमरेपर्यंत सरकत गेला, मग पुन्हा वर. मालिश करतात तसाच.

"कळतंय," ती म्हणाली. "सुमन, गालाला कळतंय गं."

मनीषा रडायला लागली. मी दुपट्याची घडी घातली. घडी चुकली, ती उलगडून पुन्हा घातली.

गाडी गेल्यावर खाला उठली. एका बाजूचा गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तेलानं माखला होता. मी पदर पुढं केला, म्हटलं, पूस. तिनं मान हलवली. चपला चाचपत चाचपत पायात घातल्या, पायांत नीट गेल्यात का ते वाकून बघितलं आणि आपल्या घरी गेली. गाल तिनं पुसला नाही.